सिंहिणीसाठी लिहिलेली हरकत

ओले गोणपाट, फिनाईल आणि डब्याच्या तळाशी विसरून राहिलेले जुने तूप, या तिन्हींचा मिळून जो वास होईल तो तिचा होता. त्याच्याही खाली आणखी एक वास असे. उष्ण, किंचित गोडसर. त्याला मला आजवर शब्द सापडलेला नाही. माझे सारे आयुष्य शब्द शोधण्यात गेले, म्हणून ही उणीव मला लागते. आता मी बारामतीत राहत नाही. तरी दुपारच्या वेळी धुतलेले पायपुसणे कठड्यावर वाळत घातले की कधीकधी तो वास उठतो. मग मी हातातले काम खाली ठेवते आणि गॅलरीचे दार लावून घेते. दार लावून काही उपयोग होत नाही.

नव्वदीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षे होती. मी पणदऱ्याच्या हायस्कुलात मराठी शिकवत असे आणि बारामतीत वडिलांसोबत राहत असे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते आणि आमच्या आळीतल्या प्रत्येक घराचे अर्ज, दाखले, विनंत्या त्यांच्याच हातच्या असत. आमच्या घरी देवघर नव्हते. भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि तसबिरींखालच्या मेजावर रेघा मारलेले फुलस्केप कागद, दौत, टाचण्यांची डबी. ते मेज कुणी पायाने सरकवलेले दादांना खपत नसे.

गाळपाचे दिवस होते. पहाटे वाऱ्यावर मळीचा आंबूस वास गावभर पसरलेला असे आणि उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांनी रस्ता जागा होई. अशाच एका रविवारी सकाळी एक ट्रक आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. त्याच्यावर मेणकापड ओढलेले होते. पुढच्या केबिनमधून पन्नाशीची एक बाई उतरली. लुगड्यावर तिने पुरुषी सदरा चढवला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दादा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. ती सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तात्या, हितं कुणाचा बैल पडलाय का? ऊसतोडीवाल्यांचा, कुणाचा बी. ओढून न्यायला आमची माणसं हायत."

दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती गुडघ्यावर ठेवून तळव्याने दाबून बसवली.

"हे घर कुणी दावलं तुमाला?"

"चौकात इचारलं. म्हनले, त्या आळीत जावा, त्यास्नी ठावं असतंय."

"माझ्या बापाला ठावं असायचं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं खांद्यावरचा कासरा खाली टाकला. त्याला लई वरसं झाली. चौकातल्याला म्हणावं, गावाची जरा ताजी खबर ठेवत जा."

बाईचा चेहरा उतरला. तिने पदर सदऱ्यावरून सावरला. "चुकलं तात्या. गावोगाव आमाला असंच घर दावत्यात. आन आमी बी असंच इचारत आलो."

तेवढ्यात मेणकापडाखालून एक आवाज आला. खोकल्यासारखा, पण जमिनीतून आल्यासारखा खोल. ओट्याची फरशी माझ्या तळव्यांखाली थरथरली असे मला वाटले.

"आत काय हाय?" दादांनी विचारले.

"सिंहीण हाय."

दादांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि म्हणाले, "आन तिला दारात उभी करून तुमी मला बैल मागताय व्हय! या, चहा घ्या. तिला न्हाय, तुमाला."

अशी आमची ओळख झाली. मावशी (मी तिला त्याच दिवसापासून मावशी म्हणू लागले) विधवा होती. तिचा नवरा एका मोठ्या सर्कशीत जनावरे सांभाळी. सर्कस मोडली तेव्हा तो सिंहीण घेऊन बाहेर पडला. पुढे एक अजगर, एक साळिंदर आणि परदेशी पोपटांची एक जोडी मिळाली, आणि शाळाशाळांतून जनावरे दाखवत फिरणारा हा संसार उभा राहिला. नवरा गेल्यावर मावशीने तो तसाच पुढे चालवला. पोपटांपैकी एक ट्रॅक्टरच्या हॉर्नची हुबेहूब नक्कल करी. खेळ असा त्यात नव्हता. चाबूक नव्हता, आगीचे कडे नव्हते. मावशी जनावराविषयी बोलायची आणि मुले पाहायची, एवढेच.

मी तिला आमच्या शाळेत बोलावले. मुख्याध्यापक घाबरले होते.

"चावली बिवली तर कुणाला?"

"सायब, तुमी जवळ न्हाई गेला तर तीच रुसंल," मावशी म्हणाली, आणि शिक्षकखोलीत प्रथमच सगळे एकदम हसले.

शाळेच्या मैदानावर मेणकापड वर गुंडाळले गेले तेव्हा मुलांच्या अंगावरून एक शांतता सरकत गेली. मावशी तिला बया म्हणायची. बया पिंजऱ्यात आडवी पडलेली होती, पुढचे दोन्ही पंजे गजांना टेकवून. तिचा रंग मला वाटला होता तसा सोनेरी नव्हता. काढून झालेल्या ज्वारीच्या धसकटासारखा होता. "म्होरं या, पर पळायचं न्हाई," मावशी मुलांना सांगत होती. "पळणारं समदं तिला खायाचं वाटतं." मुले एकामागून एक येत होती, पंजावर बोट टेकवत होती आणि बोट नाकाशी नेत होती. मीही हात लावला. मानेवरचे केस घोंगडीसारखे रखरखीत आणि त्यांच्याखाली ऊब, ताप आलेल्या माणसाच्या कपाळाची असते तशी. तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या खांद्यावरून, शाळेच्या भिंतीपलीकडच्या उसाकडे ती पाहत होती.

आठवड्याने मी निबंध दिला. 'सिंह' हा विषय मी त्याआधीही दिलेला होता आणि सगळ्या वह्यांत तो जंगलाचा राजा होता, आयाळ डौलदार होती, गर्जनेने अरण्य दुमदुमत होते. मार्गदर्शकातली वाक्ये, क्रमसुद्धा तोच. या खेपेस मात्र वर्गात जितकी मुले तितक्या सिंहिणी निघाल्या. एकाने लिहिले होते, तिच्या शेपटीचा गोंडा आमच्या कालवडीसारखाच आहे, पण ती माश्या हाकलत नाही, माश्याच तिच्याकडे जात नाहीत. एकाने तिच्या श्वासाने गजावर धुके साचते हे पाहिले होते. आणि कोऱ्हाळ्याहून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते: 'तिने जांभई दिली तेव्हा तिच्या तोंडात दात नव्हते. नुसत्या हिरड्या होत्या. माझी आजी कवळी काढून ठेवते तेव्हा अशीच दिसते. मला तिची भीती गेली.'

मी तो निबंध वर्गात दोनदा वाचून दाखवला. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या ओळींनीही क्वचितच दिला होता.

उन्हाळा लागायच्या सुमारास मावशी पुन्हा आमच्या दारात आली. ट्रक तिने इंदापूरकडे, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर उभा केला होता आणि स्वतः एसटीने आली होती. हातात सरकारी कागद. तिला वाचता येत नव्हते. दादांनी तो चष्मा पुसून वाचला. फिरत्या जनावरांच्या कार्यक्रमांवर राज्य सरकार निर्बंध आणू पाहत होते. वाघ, सिंह, अस्वल अशी जनावरे गावोगाव नेता येणार नव्हती, शाळांत तर नाहीच; ज्यांच्याजवळ होती त्यांचे परवाने तपासून जनावरे ताब्यात घेतली जाणार होती. हा केवळ मसुदा होता. कुणाचे म्हणणे असल्यास मुदतीत हरकत नोंदवावी, असे खाली लिहिलेले होते.

"म्हंजी बयेला नेत्यात?" मावशीने विचारले.

"अजून न्हाय. आधी हरकती मागवल्यात."

"मग लिवा की तात्या. तुमी समद्यांचं लिवता."

दादांनी कागद मेजावर ठेवला. "ताई, राग मानू नका. साखळीत बांधलेल्याचं गाऱ्हाणं मी जलमभर लिवलं. साखळी धरणाऱ्याच्या बाजूनं माझा हात चालायचा न्हाय." मग ते माझ्याकडे वळले. "पण हरकत घ्यायचा हक्क हाय त्यांचा. तो बुडाला नाही पाहिजे. तू लिही."

मला दादांचे म्हणणे तेव्हा अन्यायाचे वाटले. ज्या कायद्याने मुंबईपुण्याच्या मुलांना काही कमी पडणार नव्हते, तो आमच्या मुलांकडून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली एकुलती एक सिंहीण काढून घेणार होता. त्यांना प्राणिसंग्रहालये होती, सहली होत्या. पणदऱ्याच्या मुलांना तो ट्रक होता. हे मी दादांना तावातावाने सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि एवढेच म्हणाले, "मग तेच लिही. क्रमानं. जे पाहिलंस तेच. जे विचारलं नाहीस ते आपल्या मनानं भरू नकोस."

म्हणून मी पाहायला गेले. तीन शनिवार मी शाळा सुटल्यावर लोणी देवकरला गेले. अर्धी वसाहत तेव्हा रिकामी होती. मोजणीचे दगड, बाभळी, लांबवर कुठल्याशा कारखान्याच्या पत्र्याचा झळाळ. मावशी ट्रकच्या सावलीत लाकडी ओंडक्यावर सत्तूर घेऊन बसलेली असे. बयेसाठी ती मांस बारीक करी. खटखट, खटखट, एका लयीत, तासभर. खिमा अगदी मऊ झाला की त्यात कोमट दूध कालवून ती जर्मनच्या परातीत ओतायची आणि परात गजांखालून आत सरकवायची. बया हळूहळू चाटून खाई. तिच्या जिभेचा परातीवर घासण्याचा आवाज, खरबरीत आणि ओला, मला अजून ऐकू येतो. आईने लेकराला भरवावे तसे ते मला वाटले, आणि तसेच मी टिपून घेतले.

"मावशी, दात नाहीत ना तिला?"

"न्हाईत. सुळं बी न्हाईत." सत्तूर थांबला नाही. "म्हनून तर पोरं तिला हात लावत्यात. तुमी लिवा तसं. कुणाला काय धोका न्हाई म्हनावं."

मी पुढे विचारले नाही. तिचा घाम कानशिलावरून ओघळत होता, सूर्य मावळतीला गेला होता आणि माझी शेवटची एसटी होती. खरे सांगायचे तर विचारण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटलेच नाही.

हरकतीत मी चार मुद्दे लिहिले. पहिला मुलांचा, दुसरा त्या निबंधांचा. निवडक निबंधांच्या नकला मी जोडल्या. तिसरा असा की, चाबकाचा खेळ आणि जनावराची ओळख यांत सरकारने फरक करावा. पहिल्यावर बंदी आणावी, दुसऱ्याला तपासणी लावावी. चौथा मुद्दा सुरक्षिततेचा. तो मी सर्वांत जपून, सर्वांत सुंदर लिहिला: 'मोठ्या सर्कशीत असताना या जनावराचे दात काढण्यात आले. दातांविना दुबळ्या झालेल्या या जिवाला सदर बाई आज कित्येक वर्षे स्वतःच्या हातांनी अन्न मऊ करून भरवीत आहेत. तिच्या मुखात बालकाने हात घातला तरी त्यास इजा होणार नाही.'

दादांनी ऐकले. चौथ्या मुद्द्याशी त्यांनी हात वर केला.

"सर्कशीतलं, हे विचारलंस?"

"हो," मी म्हणाले.

पहिले तीन मुद्दे मी आजही मागे घेत नाही. पुढे तसे ट्रक दिसेनासे झाले आणि माझ्या वर्गातल्या वह्यांत सिंह पुन्हा जंगलाचा राजा झाला.

सुनावणी पुण्याला, वनखात्याच्या कचेरीत झाली. मावशीने त्या दिवशी सदरा घातला नव्हता, हिरवे लुगडे नेसली होती. साहेब तरुण होते, सभ्य होते. आमचा कागद त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचला आणि मग माझ्याकडे पाहिले.

"हे तुम्ही लिहिलंत? भाषा फार चांगली आहे हो. कविता वगैरे करता का?"

मी हो म्हणाले. तेव्हा मला झालेला आनंद मला आठवतो. तो विसरता आला असता तर बरे झाले असते.

साहेबांनी चौथ्या मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "दात काढलेलं जनावर. मालक लोक हे कधी कबूल करत नाहीत. डॉक्टर पाठवावा लागतो, तिथं अडवाअडवी होते. तुम्ही लिहूनच दिलंत."

"पण ते सर्कशीत..." मी म्हणू लागले.

"कुणी का काढेना. ते आता हिंडवायचं जनावर राहिलं नाही, बाई. आश्रयस्थानात ठेवायचं जनावर आहे."

मावशीला सगळे कळले असावे. ती साहेबांना म्हणाली, "खरं हाय ते लिवलंय आमच्या बाईंनी. खोटं एक अक्षर न्हाई." मग तिने दोन्ही हात मेजाच्या कडेवर ठेवले. "सायब, समदं न्या. अजगर न्या, पाखरं न्या. तिला राहू द्या. ती दुसऱ्याच्या हातचं खायाची न्हाई."

"सवय लागते," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता.

डॉक्टर येऊन गेले. जूनच्या आत खात्याची गाडी लोणी देवकरला आली. मला निरोप होता, म्हणून मी गेले. दादा आले नाहीत. मी निघताना त्यांनी फक्त माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली.

दुपारचे चार वाजले असतील. दोन पिंजरे पाठीला पाठ लावून उभे केले होते, मधले दार वर ओढलेले. बया हलेना. माणसांनी बांबू आपटला, हाका मारल्या. ती आपल्या कोपऱ्यात पंजांवर तोंड ठेवून पडून राहिली. शेवटी मावशीच म्हणाली, "व्हा बाजूला." तिने त्या दिवशीचा खिमा कालवला, परात घेतली, पलीकडच्या नव्या पिंजऱ्यात स्वतः चढली, परात मधोमध ठेवली आणि उतरली. "ये गं," ती म्हणाली. बया उठली. हाडे मोजता यावीत अशी ती चालत गेली, वास घेतला आणि चाटू लागली. मागे दार खाली पडले. तिने मान वर केली नाही.

"काय खाते ही?" खात्याच्या माणसाने विचारले.

"खिमा. दूध घालून, कोमट. तुकडं टाकू नगा. गिळती, मग वकती. ऐकताय न्हवं? तुकडं न्हाई."

"ऐकलं की."

"लिवून घ्या."

त्याने खिशातली वही काढली आणि लिहून घेतले. मावशी तो लिहीपर्यंत त्याच्या पेनाकडे पाहत उभी राहिली. गाडी निघाली. वळणावर बाभळींआड जाईपर्यंत ती दिसत होती. मग फक्त धूळ राहिली, आणि रिकाम्या पिंजऱ्यातून येणारा तो वास. उन्हाने अधिकच दाट झालेला.

मावशी ओंडक्याशी जाऊन बसली. सत्तूर तसाच रुतलेला होता. तिने तो उपसला आणि पदराने पाते पुसू लागली, एका बाजूने, मग दुसऱ्या. मी तिच्याजवळ बसले. माझ्या तोंडातून निघाले, "मावशी, तो चौथा मुद्दा मी लिहायलाच नको होता."

"का? खरं तर लिवलं."

"पाप त्या सर्कसवाल्यांचं. आणि गेली तुमची बया." मला रडू आले होते. तिचे सांत्वन करायला आलेली मी तिच्याकडून सांत्वन मागत होते, हे मला तेव्हाही कळत होते. "असं कसं करवतं हो कुणाला? कोण होता तो? कुणी काढले तिचे दात?"

पाते पुसणारा हात थांबला. मावशीने माझ्याकडे पाहिले. चिडून नाही, लाजून नाही, वर्गात उत्तर ठाऊक असलेले मूल पाहते तसे.

"म्या."